कोमट न होणारी बादली

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना माझे होणारे "म्हणजे कसं ना" आणि मध्येच आलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजची सुरुवात एका कबुलीने. मागे टाइम क्रिस्टलवर बोलताना मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. "ही सिस्टिम कधीच तापत नाही, आपली सुरुवातीची स्थिती ती कायम लक्षात ठेवते." त्यावर एका श्रोतीची मेल आली. ती फिजिक्समध्ये एमएस्सी करते. मेलमध्ये दोनच ओळी होत्या. "दादा, 'कायम' हे कसं कळलं? प्रयोग तर सेकंदाचा छोटासा तुकडाच चालला होता ना?"

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. अर्धा पॅरा लिहिला आणि थांबलो, कारण माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी बीटेकवाला माणूस, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. "कायम" हा शब्द मी कुठल्यातरी बातमीच्या मथळ्यातून उचलला होता आणि तपासला नव्हता. मग तीन शनिवार-रविवार त्यात गेले. आजचा भाग म्हणजे त्या मेलला दिलेलं, थोडं लांबलेलं उत्तर.

विसण घातल्यावर काय होतं

आधी घरातलं उदाहरण घेऊ. अंघोळीसाठी बादलीत कढत पाणी काढलं आणि वरून विसण घातलं. पहिले काही क्षण हात घातला तर एका बाजूला चटका, दुसऱ्या बाजूला गार. थोड्या वेळाने सगळं कोमट. आता बाहेरून कोणी आलं तर त्याला पाण्याचं तापमान सांगता येईल. पण आधी गरम ओतलं की गार, विसण दोन तांबे घातलं की एकच मोठा लोटा, हे त्या पाण्याकडे बघून सांगता येणार नाही. बादली ते विसरली.

या विसरण्याला फिजिक्समध्ये थर्मलायझेशन म्हणतात. आपण त्याला सरळ "कोमट होणं" म्हणू. हे इतकं सवयीचं आहे की आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण तापमान, दाब यांसारख्या दोन-चार आकड्यांत अब्जावधी अणूंचं वर्णन करता येतं, ते या विसरण्यामुळेच. प्रत्येक अणूचा इतिहास लक्षात ठेवावा लागला असता तर इंजिनाची साधी गणितंही कोणाला जमली नसती.

आता गंमत बघा. क्वांटमचे नियम मुळात काहीच विसरत नाहीत. बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेली सिस्टिम घेतली तर तिचं समीकरण उलटंही चालवता येतं. माहितीचा एक कणही पुसला जात नाही. मग बादली विसरते कशी?

आमच्या भाषेत सांगतो. समजा, एक फाइल तुम्ही डिलीट केली नाही, पण तिचे बारीक तुकडे करून हजार सर्व्हरवर अशा विचित्र पद्धतीने विखुरले, की कुठल्याही एका सर्व्हरवर बघितलं तर निव्वळ कचरा दिसतो. फाइल आहे, पण सगळे सर्व्हर एकत्र वाचल्याशिवाय ती मिळणार नाही. क्वांटममध्ये हे विखुरणं एंटँगलमेंटमुळे होतं. जॉश ड्यूश यांनी १९९१ मध्ये आणि मार्क स्रेडनिकी यांनी १९९४ मध्ये हा विचार नीट मांडला. साध्या शब्दांत सांगायचं तर, मोठ्या सिस्टिमच्या चमचाभर भागासाठी उरलेली सगळी सिस्टिम हाच पाण्याचा बंब असतो. बाहेरून काही लागत नाही. सिस्टिम स्वतःच स्वतःला कोमट करते.

बहुतेक सिस्टिम असंच वागतात. आजचा प्रश्न उरलेल्यांचा आहे.

पहिली बादली: लॉस अलामॉस

ही गोष्ट क्वांटमची नाही, पण वंशावळीत ती पहिली येते. आणि ती एका प्रोग्रामरची आहे, त्यामुळे मला ती सांगायचीच होती.

१९५३ च्या सुमाराला लॉस अलामॉसला मॅनिॲक नावाचा संगणक होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी त्यावर एक साधा प्रयोग ठरवला. काही डझन वजनं स्प्रिंगनी एका ओळीत जोडायची. स्प्रिंग अगदी आदर्श नाहीत, त्यांच्यात थोडा वाकडेपणा. सगळी ऊर्जा एकाच लांब लाटेत घालायची आणि ती सगळ्या लाटांमध्ये कशी वाटली जाते ते बघायचं. म्हणजेच बादली कोमट कशी होते ते बघायचं.

ती झालीच नाही. ऊर्जा मोजक्या दोन-चार लाटांमध्ये फिरली आणि काही काळाने जवळपास सगळी पहिल्या लाटेत परत आली! विसण घातलेल्या बादलीत गरम पाणी पुन्हा एका बाजूला गोळा व्हावं, तसं. अहवाल १९५५ मध्ये आला, तोपर्यंत फर्मी गेले होते. हे सगळं गणित मशीनवर चढवलं होतं मेरी त्सिंगू यांनी. अहवालात त्यांचे आभार मानलेत, पण लेखकांत नाव नाही. अनेक दशकं ती तीनच नावं चालली. आता बरेच लोक नावात त्सिंगूही जोडतात.

या गोष्टीतला एक धागा लक्षात ठेवा, शेवटी लागेल. पुढच्या दशकांत असं दिसत गेलं, की प्रचंड वेळ दिला तर ही साखळीसुद्धा कोमट होते. त्या वेळच्या मशीनला तेवढा वेळ चालवणं शक्य नव्हतं.

सुट्या पैशांची अडचण

दुसरी गोष्ट फिलिप अँडरसन यांची. १९५८ मध्ये त्यांनी दाखवलं, की पदार्थातल्या जागा पुरेशा वेड्यावाकड्या असतील तर त्यातला इलेक्ट्रॉन पसरत नाही, एका ठिकाणी अडकून बसतो. क्वांटम लाटा इतक्या ठिकाणांहून उलटतात, की एकमेकींना खोडून काढतात. १९७७ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.

पण तो हिशोब एकट्या इलेक्ट्रॉनचा. खऱ्या पदार्थात कण एकमेकांशी बोलतात. एकाला पुढच्या जागेवर उडी मारायला थोडी ऊर्जा कमी पडली, तर तो शेजाऱ्याकडून उसनी घेऊ शकतो. मग अडकणं टिकेल का?

इथे मला एसटीचा कंडक्टर आठवतो. तुमच्याकडे पाचशेची नोट, तिकीट सतरा रुपयांचं. पैसे आहेत, तिकीट आहे, पण सुटे नाहीत, म्हणून व्यवहार अडतो. क्वांटममध्ये ऊर्जेचा हिशोब असाच जुळावा लागतो. प्रत्येक जागेची ऊर्जा वेगळी आणि विचित्र असेल तर कोणाचेच सुटे कोणाशी जुळत नाहीत. देवाणघेवाण ठप्प, आणि देवाणघेवाण ठप्प तर कोमट होणंही ठप्प. २००५-०६ च्या सुमाराला दोन वेगवेगळ्या गटांनी कागदावर दाखवलं, की कण एकमेकांशी बोलत असतानाही असं अडकणं टिकू शकतं. याला मेनी-बॉडी लोकलायझेशन म्हणतात. आपण "सामूहिक अडकणं" म्हणू.

२०१५ मध्ये म्युनिकला इमॅन्युएल ब्लॉख यांच्या गटाने हे डोळ्यांसमोर आणलं. लेझरच्या प्रकाशातून खळग्यांची एक ओळ तयार केली आणि त्यात अतिथंड पोटॅशियमचे अणू बसवले. पंगतीत एक पाट सोडून एक माणूस बसवावा, तसे एक खळगा सोडून एक. मग सोडून दिलं. खळगे सारखे असतील तर थोड्याच वेळात सम-विषम जागांतला फरक पुसला गेला. दुसऱ्या लेझरने खळग्यांची खोली वेडीवाकडी केली, तर फरक टिकून राहिला. पंगत सुरुवातीला कशी बसली होती, हे नंतरही ओळखता येत होतं.

अडकणं नाही, व्रण

तिसरा प्रकार कोणी शोधायला गेलं नव्हतं. २०१७ मध्ये हार्वर्डला मिखाइल ल्युकिन यांच्या गटाने ५१ रुबिडियम अणूंची एक ओळ केली. अट अशी, की शेजारचे दोन अणू एकाच वेळी उत्तेजित होऊ शकत नाहीत. इथे मुद्दाम घातलेला वेडेवाकडेपणा नाही, म्हणजे सुट्यांची अडचण नाही. तरीही एक सोडून एक अणू उत्तेजित करून सुरुवात केली तर सिस्टिम दोन मांडण्यांमध्ये झोपाळ्यासारखी हेलकावे घेत राहिली. दुसऱ्या कुठल्या स्थितीतून सुरुवात केली, तर नेहमीसारखी पटकन कोमट.

२०१८ मध्ये याचं सैद्धांतिक स्पष्टीकरण आलं. सिस्टिमच्या असंख्य स्थितींत मोजक्याच स्थिती अशा आहेत, ज्या कोमट नाहीत. त्यांना क्वांटम मेनी-बॉडी स्कार म्हणतात, म्हणजे व्रण. सामूहिक अडकण्यात जवळपास सगळी पंगत हट्टी असते, व्रणांच्या बाबतीत गर्दीत दोन-चारच हट्टी.

आता क्वांटम कॉम्प्युटर

टाइम क्रिस्टलची कल्पना फ्रँक विल्चेक यांनी २०१२ मध्ये मांडली. मूळ रूपात ती टिकली नाही, पण तिचं एक बदललेलं रूप टिकलं. २०१६ मध्ये ते मांडणाऱ्यांत वेदिका खेमानी होत्या, आणि २०२१ मध्ये गुगलच्या सिकॅमोर चिपवर झालेल्या प्रयोगातही त्या होत्या.

प्रयोग असा. २० क्यूबिट एका ओळीत. प्रत्येक खेपेला सगळ्यांना उलटं करायचं, वरचा खाली आणि खालचा वर. दोन खेपांनी जो तो मूळ जागी. यात विशेष काय? विशेष हे, की उलटं करताना मुद्दाम चूक करायची. समजा १८० अंश फिरवण्याऐवजी दर वेळी ५ अंश कमी फिरवलं. एकटा क्यूबिट असेल तर १८ खेपांत चूक साठून ९० अंश होईल आणि तो ना वर ना खाली. शिवाय दर खेपेला आपण बाहेरून ढोसतोय, म्हणजे ऊर्जा आत जातेय. सिस्टिम तापून सगळं विसरायला हवी. पण शेजाऱ्यांमधली जोडणी जागोजागी वेगवेगळ्या ताकदीची ठेवली, तर सामूहिक अडकणं चालू होतं. चूक साठत नाही, ऊर्जा शोषली जात नाही आणि दर दोन खेपांची लय टिकते.

आता इंजिनियरला पडणारा प्रश्न. क्यूबिट मुळात गळके असतात. बाहेरचा आवाज, उष्णता, गेटमधल्या चुका यांनी त्यांची माहिती आपोआप जाते. सिग्नल विरत गेला तर दोष कोणाचा? सिस्टिम आतून कोमट झाली, की चिपच गळकी? आमच्याकडे सर्व्हर पडला की पहिला वाद हाच असतो, आपल्या कोडमध्ये बग आहे की डेटा सेंटरची वीज गेली.

त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला. मी सुरुवातीला म्हटलं, की आतलं विसरणं उलटं चालवता येतं. मग सर्किट ठरावीक खेपा पुढे चालवा आणि तेवढ्याच खेपा उलटं चालवा. चिप परिपूर्ण असती तर सुरुवातीची स्थिती तंतोतंत परत मिळाली असती. जी मिळाली नाही, ती बाहेरची गळती. ही गळती हिशोबातून वजा केली, की आतल्या वागण्याचा अंदाज मिळतो. तसं केल्यावर लय जवळपास न विरता टिकलेली दिसली. शिवाय त्यांनी वेगवेगळ्या सुरुवातीच्या स्थिती घेऊन बघितल्या. एखाद-दुसऱ्या लाडक्या स्थितीपुरतंच हे खरं असेल तर ते सामूहिक अडकणं नव्हे, फक्त सावकाश कोमट होणं. पुढे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी आयबीएमच्या चिपवर ५७ क्यूबिटची अशीच लय दाखवली.

लॅपटॉप विरुद्ध चिप

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. २० क्यूबिटची स्थिती साठवायला २ चा २० वा घात, म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ आकडे लागतात. एकेक आकडा १६ बाइटचा धरला तर १६ मेगाबाइट. व्हॉट्सॲपवर येणारे लग्नाचे व्हिडिओ याहून मोठे असतात! ३० क्यूबिटला १६ गिगाबाइट, ४० ला १६ टेराबाइट आणि ५० ला १६ पेटाबाइट. म्हणजे २० क्यूबिटचा प्रयोग लॅपटॉपलाही जमला असता. त्याचं महत्त्व हे, की अशी गोष्ट खऱ्या चिपवर करता येते आणि पद्धत पुढे वाढवता येते.

मी तीन शनिवार-रविवार नेमकं काय केलं, तर पायथनमध्ये अशीच साखळी लिहिली. १४ स्पिन. "अनंत काळाने काय होईल" हे बघायचं तर पूर्ण मॅट्रिक्स सोडवावं लागतं. १४ स्पिनला नुसतं मॅट्रिक्स साठवायला २ गिगाबाइट. माझ्या लॅपटॉपने पंखा पळवत ते केलं, आणि वेडेवाकडेपणा वाढवल्यावर साखळी खरंच विसरेना. मी खूश! मग हौसेने १६ स्पिन टाकले. मॅट्रिक्स ३२ गिगाबाइट, माझी रॅम १६. प्रोग्राम तिथेच बसला. युक्त्या वापरून, सुपरकॉम्प्युटर घेऊनही या जातीची पूर्ण गणितं वीसच्या थोडी पुढे जाऊन अडतात.

तेव्हा मला त्या मेलचा खरा अर्थ कळला. संगणक लहान साखळी अनंत काळ बघू शकतो. क्वांटम कॉम्प्युटर मोठी साखळी थोडाच काळ बघू शकतो, कारण तो गळतो. आणि "कायम" म्हणायला मोठी साखळी, अनंत काळ, दोन्ही लागतात. ते कोणाकडेच नाही.

वाद अजून चालू आहे

हा फक्त माझा बारीक आक्षेप नाही. २०१९-२० मध्ये स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या गटाने आकडेमोडीवरून प्रश्न केला, की साखळी लांब करत गेलो तर अडकणं टिकतं का, की लहान साखळीमुळे आपल्याला तसं भासतं? त्यावरून बरीच खडाजंगी झाली.

शंकेमागचं एक कारण आपल्या कंडक्टरच्या भाषेत समजतं. लांब साखळीत योगायोगाने एखादा तुकडा असा निघतोच, जिथे जागा फारशा वेड्यावाकड्या नाहीत. तिथे भरपूर चिल्लर आहे. तो तुकडा शेजाऱ्याला सुटे देऊ लागतो. शेजारी सामील झाला की तुकडा मोठा झाला, आणि तुकडा जितका मोठा तितकी त्याच्याकडची चिल्लर बारीक. मग पुढचा शेजारी, मग त्याच्या पुढचा. हिमकडा कोसळावा तसं हे पसरू शकतं, म्हणून याला ॲव्हेलांच म्हणतात. ही कल्पना २०१७ मध्ये मांडली गेली. लहान साखळीत असा तुकडा सापडण्याची शक्यताच कमी. माझ्या १४ स्पिनमध्ये तो कुठून येणार?

२०२२ मध्ये झालेल्या एका कामात असं निघालं, की या कोसळण्यापुढे टिकायला आधी वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त वेडेवाकडेपणा लागतो. आणि त्या कामाच्या लेखकांत खेमानी स्वतः होत्या! ज्या कल्पनेवर आपलं नाव आहे, तिचीच इतकी कसून तपासणी करायची. मला हे वाचून आधी गंमत वाटली आणि मग थोडी लाज वाटली, कारण मी एक मथळासुद्धा तपासला नव्हता.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. जॉन इम्ब्री यांनी २०१६ मध्ये एका ओळीतल्या स्पिनसाठी, एक गृहीतक धरून, अडकणं टिकतं याची गणिती सिद्धता दिली. पण ती एका ओळीसाठी, आणि ते गृहीतक धरूनच.

मग मी काय म्हणायला हवं होतं?

हे: "काही क्वांटम सिस्टिम कोमट व्हायला इतका वेळ घेतात, की आपल्या प्रयोगांच्या अवधीत त्या विसरताना दिसत नाहीत. एका ओळीत, भरपूर वेडेवाकडेपणा असेल तर काही जण कदाचित कधीच विसरणार नाहीत."

हे वाक्य पहिल्याइतकं टाळ्या घेणारं नाही. पण फरक महत्त्वाचा आहे. क्वांटम माहिती टिकवण्यासाठी याचा उपयोग करायचा असेल, तर "खूप काळ" हेही पुष्कळ आहे. मेमरीने अनंत काळ टिकावं अशी आपली अपेक्षाच नसते, काम होईपर्यंत टिकली तरी बास. पण मोठी गोष्ट शेवटी कोमट होतेच, या नियमाला खरा अपवाद आहे का, असं विचारलंत तर "खूप काळ" आणि "कायम" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मेरी त्सिंगूंच्या साखळीचंच बघा. १९५५ मध्ये ती विसरत नाही असं दिसलं. जास्त वेळ बघितल्यावर ती विसरली.

इथून पुढे क्वांटम कॉम्प्युटरचं काम दिसतं. गळती कमी झाली की जास्त खेपा चालवता येतील, क्यूबिट वाढले की चिल्लरवाले तुकडे सापडू लागतील. मग कोसळणं सुरू होतं का, हे प्रत्यक्ष बघता येईल. लॅपटॉपला जे जमणार नाही असं एक खरं काम या यंत्रांकडे आहे, आणि त्याचं उत्तर आधीच माहीत असल्याचा आव कोणी आणू शकत नाही. मी आणला होता.

तर ताई, तुमच्या मेलचं उत्तर असं: मला कळलं नव्हतं, मी नुसतंच म्हणून टाकलं होतं. त्या जुन्या भागाच्या वर्णनातला "कायम" काढून आता "खूप काळ" लिहिलंय. माझा १४ स्पिनचा कोडही भागाच्या वर्णनात ठेवलाय. कोणाकडे ६४ गिगाबाइट रॅमचं मशीन असेल तर १६ स्पिन चालवून बघा आणि मला आलेख पाठवा. पुढच्या भागात क्यूबिट नेमके गळतात कुठून, त्याबद्दल बोलू. तोपर्यंत, भेटूच!